चालून जातं

पिंपरीतल्या एका दुकानात मी विचारलेला प्रश्न साधा होता. तीन फुटी टाकी आहे, दोन ऑस्कर ठेवायचे आहेत, केवढा फिल्टर पुरेल? दुकानदाराने मांडणीवरून एक खोकं काढलं, फडक्याने त्यावरची धूळ झटकली आणि म्हणाला, "हा न्या. चालून जातं."

मी 'पुरेल का' असं विचारलं होतं, उत्तर 'चालून जातं' असं आलं. ही दोन क्रियापदं आपल्या बोलण्यात इतकी शेजारी-शेजारी राहतात की एकाच्या जागी दुसरं आलं तरी कुणाला खटकत नाही. मलाही खटकलं नाही. पैसे दिले, दोन-दोन इंचांचे मासे असलेली पिशवी गाडीच्या हँडलला अडकवली आणि मोशीला घरी आलो. त्याला आता तीन वर्षं होतील. त्या दोन क्रियापदांमधल्या फरकाबद्दल मला जे कळलं, किंवा कळलंय असं वाटतं, ते इथे लिहितो आहे.

ज्यांनी ऑस्कर पाळलेला नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख. हा ॲमेझॉनच्या खोऱ्यातला मासा. दुकानात बोटाएवढा दिसतो आणि वर्ष-दीड वर्षात दहा-बारा इंचांचा होतो. माणूस ओळखतो. मी ऑफिसातून आलो की दोघे काचेजवळ येऊन शेपट्या हलवायचे, कुत्र्यासारखे. आणि तो घाण करतो, भरपूर करतो. खाणं तोंडात घेऊन चावतो, थोडं गिळतो, उरलेला चोथा कल्ल्यांमधून बाहेर सोडतो. मासे पाळणाऱ्यांच्या बोलण्यात गोल्डफिश, फ्लॉवरहॉर्न, ऑस्कर ही सगळी 'घाण करणारी' मंडळी. काचेवरचं शेवाळ खाईल म्हणून दुकानदाराने मला एक सकर मासाही दिला होता, 'सफाईवाला' म्हणून. हा सफाईवाला फूटभराहून मोठा होतो आणि दिवसभर दोऱ्यासारखी विष्ठा सोडत असतो, हे मला टाकीच्या तळाकडे बघून कळलं.

माशाची खरी घाण मात्र दिसत नाही. प्रथिनं पचवल्यावर उरलेला अमोनिया मासे मुख्यतः कल्ल्यांवाटे थेट पाण्यात सोडतात. नदीत तो वाहून जातो. टाकीत तो तिथेच राहतो आणि मासा श्वासाबरोबर तोच परत घेतो. फिल्टरचं मुख्य काम गाळणं हे नाहीच. गाळणी तर चहालाही असते. फिल्टरमधल्या स्पंजवर आणि सिरॅमिकच्या कड्यांवर जिवाणूंचा थर वाढतो. त्यातले काही अमोनियाचं नायट्राइट करतात, काही नायट्राइटचं नायट्रेट करतात. पहिली दोन्ही विषं, तिसरं बरंच सौम्य. नव्या टाकीत ही वसाहत वसायला चार ते सहा आठवडे लागतात. तिला दोन गोष्टी सतत हव्या असतात, अन्न आणि प्राणवायू. म्हणजे वाहतं पाणी, आणि तेही चोवीस तास.

खोक्यावर लिहिलं होतं: ताशी १२०० लिटर. माझ्या टाकीत साधारण १४० लिटर पाणी. म्हणजे तासाला आठ वेळा सगळं पाणी फिल्टरमधून फिरणार. घाण करणाऱ्या माशांसाठी आठ ते दहा वेळा हवं, असं मी वाचलं होतं. गणित जुळलं आणि मी निश्चिंत झालो.

सगळं बिघडून गेल्यावर एकदा मी त्या फिल्टरच्या तोंडाशी पंधरा लिटरची बादली धरली आणि फोनवरचं स्टॉपवॉच लावलं. बादली भरायला शंभर सेकंद लागले. ताशी ५४० लिटर. टाकी तासाला चार वेळासुद्धा फिरत नव्हती. खोक्यावरचा आकडा खोटा नव्हता. तो पंपाला पाणी वर चढवावं लागत नसतानाचा होता, आत स्पंज नसतानाचा होता, गाळ साचायच्या आधीचा होता. जिथे फिल्टरला काही कामच नाही, अशा जगातला तो खरा आकडा होता.

*

फिल्टर आवाज करायचा. आमच्या वन बीएचके फ्लॅटमध्ये टाकी हॉलमध्ये, आणि वर्क फ्रॉम होमच्या दिवसांपासून माझा पलंगही हॉलमध्ये. वरच्या ट्रेमधून पडणाऱ्या पाण्याची धार आणि पंपाची घरघर. पहिले काही महिने सहन केलं. मग एका रात्री उठून बटण बंद केलं. सकाळी उठल्यावर चालू केलं. मासे ठीक होते. दुसऱ्या रात्रीही बंद केलं. हळूहळू ती सवयच झाली: दिवा बंद, फिल्टर बंद, झोप.

चालून जात होतं. मासे वाढत होते. पाणी काचेसारखं होतं. घरी येणारे म्हणायचे, किती स्वच्छ ठेवलंयस!

पाणी बदलणंही मागे पडत गेलं. पिंपरी-चिंचवडमध्ये २०१९च्या नोव्हेंबरपासून नळाला पाणी दिवसाआड येतं. आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात त्यातलंही कमी पडतं आणि टँकर येतात. सोसायटीच्या ग्रुपवर गाड्या धुणाऱ्यांवरून भांडणं चालू असताना माशांसाठी पन्नास लिटर पाणी ओतून द्यायची लाज वाटायची. आठवड्याचे पंधरा दिवस झाले, पंधरा दिवसांचा महिना झाला.

मग मे महिन्यातला एक गुरुवार आला. त्या दिवशी टाकीतून थोडा वास आल्यासारखा वाटला, म्हणून मी अपराधी भावनेने एकदम अर्धं पाणी बदललं. नळाला पाणी नव्हतं, टँकरचं होतं. रात्री नेहमीसारखा फिल्टर बंद केला. सकाळी दोनपैकी लहान ऑस्कर तळाशी कुशीवर पडला होता. कल्ले लालभडक, जोरजोरात उघडमीट करणारे. मी फिल्टर लावला, हवेचा पंप लावला, पाण्यात हात घालून त्याला सरळ धरून ठेवलं. दहाच्या स्टँडअप कॉलला मी कॅमेरा बंद ठेवून बसलो होतो आणि माझा एक हात कोपरापर्यंत टाकीत होता. कॉल संपायच्या आत तो गेला.

नंतर टेस्ट किट आणून मी कारण शोधलं. अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो, एक बराचसा निरुपद्रवी, दुसरं विषारी. कुठलं किती, हे पाण्याच्या पीएचवर आणि तापमानावर ठरतं. पंचवीस अंशांच्या आसपास पीएच ७ असेल तर विषारी वाटा जेमतेम अर्धा टक्का असतो. पीएच ८ झाला की तो पाच टक्क्यांच्या वर जातो, म्हणजे जवळजवळ दहापट. महिनाभर न बदललेलं पाणी हळूहळू आम्लधर्मी होत जातं. माझ्या टाकीत अमोनिया साचलेला होता, पण त्या आम्लधर्मी पाण्यात दबून होता. टँकरचं पाणी बोअरचं, काळ्या पाषाणातून आलेलं, जड आणि अल्कधर्मी. ते ओतल्यावर दबलेलं विष जागं झालं आणि त्याच रात्री ते उपसणारं एकमेव यंत्र मी माझ्या झोपेसाठी बंद केलं. पाणी त्याही सकाळी काचेसारखं स्वच्छ होतं.

*

त्या रविवारी पप्पा आले. ते भोसरीला इंद्रायणीनगरमध्ये राहतात. चाकणच्या एका कंपनीत ते ईटीपी ऑपरेटर होते, म्हणजे कारखान्याचं सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट चालवायचे. मला लहानपणी त्यांचं काम नीट सांगता यायचं नाही, म्हणून शाळेत मी 'कंपनीत आहेत' एवढंच सांगायचो. त्यांनी टाकीजवळ खुर्ची ओढली, फिल्टरचा ट्रे उघडून बघितला, स्पंज नाकाशी नेला.

"हा रात्री बंद करतोस?"

"आवाज येतो. झोप लागत नाही."

ते काही बोलले नाहीत. स्पंज परत जागेवर ठेवला. बऱ्याच वेळाने म्हणाले, "त्यांना रात्रपाळी नसते रे. म्हणजे सुट्टी नसते. आपल्याला असते."

'त्यांना' म्हणजे जिवाणूंना. माझ्या टाकीत जे घडतं तेच पप्पांच्या प्लांटमध्ये घडायचं, फक्त टाकी स्विमिंग पूलएवढी आणि हवा सोडायला मोठाले ब्लोअर. त्या दिवशी त्यांनी मला पहिल्यांदाच सांगितलं की काही वर्षं रात्रपाळीला दोनपैकी एक ब्लोअर बंद ठेवायची तोंडी सूचना होती. ब्लोअर वीज खातो, आणि बिलात दिसणारा तो सगळ्यात सोपा आकडा. तपासणीला कुणी यायचं असलं की आधीचे काही दिवस दोन्ही चालवायचे. नमुना पास व्हायचा. रजिस्टरमध्ये दोन्ही ब्लोअर रोज चालू.

"मग बाहेर जाणारं पाणी?"

"दिसायला बरं असायचं," पप्पा म्हणाले.

मला राग आला. रोज सकाळी कंपनीच्या बसमधून मोशीचा पूल ओलांडताना हा माणूस खाली इंद्रायणीकडे बघत असेल, आणि रात्री तोच स्वतःच्या हाताने बटण बंद करत असेल. मी तोंड उघडणार होतो. पण टाकीत एकच मासा फिरत होता आणि तीन दिवसांपूर्वीपर्यंत त्याचं बटण मी रोज बंद करत होतो. शिवाय मी मनात वर्षं मोजली. ती माझ्या इंजिनिअरिंगची वर्षं होती. पप्पा तसं म्हणाले नाहीत. तो हिशेब माझा.

*

त्यानंतर मी सांडपाण्याच्या इतिहासाबद्दल थोडं वाचलं. १९१४ साली मँचेस्टरमध्ये एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट या दोघांनी एक प्रयोग मांडला. सांडपाण्यात हवा सोडत राहिलं की ते शुद्ध होतं हे आधी माहीत होतं, पण त्याला कित्येक आठवडे लागत. या दोघांनी एवढंच केलं की शुद्ध झालेलं पाणी काढून घेतल्यावर तळाचा गाळ फेकला नाही. त्यातच पुढचं सांडपाणी ओतलं, परत हवा सोडली. दर खेपेला वेळ कमी होत गेला आणि आठवड्यांचं काम काही तासांवर आलं. आज जगभरातली सांडपाणी केंद्रं याच कल्पनेवर चालतात. ज्याला आपण घाण म्हणून फेकतो त्यातच घाण निस्तरणारे राहत असतात. म्हणूनच फिल्टरचा स्पंज नळाखाली धुवायचा नसतो. नळातलं क्लोरीन त्यांना मारतं. टाकीतून काढलेल्याच पाण्यात तो हलक्या हाताने पिळायचा.

हे वाचल्यावर 'घाण करणारा मासा' हा शब्दप्रयोग मला टोचायला लागला. ॲमेझॉनच्या खोऱ्यात ऑस्करला कुणी घाणेरडा म्हणत नसणार. तिथेही तो तेवढंच खातो, तेवढंच टाकतो. तो घाणेरडा झाला माझ्या १४० लिटरमध्ये. घाण हा माशाचा गुण नाहीच, ते एक गुणोत्तर आहे: वर जीव, खाली पाणी. छेद मी ठरवला आणि दोष अंशाला दिला.

पप्पा नव्वदच्या दशकात गावाहून भोसरीला आले तेव्हा कॉट बेसिसवर राहायचे. एका खोलीत सहा कॉट, वेगवेगळ्या पाळ्यांचे दहा-बारा जण, एकाने उठायचं आणि दुसऱ्याने त्याच गादीवर पडायचं. चाळीत सोळा बिऱ्हाडं आणि दोन संडास. घरमालक दर महिन्याला भाडं घ्यायला आला की नाकाला रुमाल लावून म्हणायचा, तुम्ही लोक फार घाण करता. आज आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पलीकडच्या खोल्यांमध्ये राहणाऱ्या कंत्राटी कामगारांबद्दल हेच वाक्य येतं, फक्त 'तुम्ही'च्या जागी 'ते'. जनगणनेत या शहराची लोकसंख्या १९९१ला पाच लाखांच्या थोडी वर होती, २००१ला दहा लाखांवर गेली, २०११ला सव्वासतरा लाखांवर. वीस वर्षांत तिपटीहून जास्त. दोन इंचांचा मासा फूटभर झाला. फिल्टर मात्र खोक्यावरच्या आकड्यावर चालला होता.

ही उपमा ताणू नये हे मला कळतं. माणसं मासे नव्हेत. पप्पा स्वतःहून आले, पगार वाढवून मागू शकत होते, मत देत होते, आणि तो घरमालक भाडं वाढवायला लागला तेव्हा खोली सोडून गेले. माशाला यातलं काहीच करता येत नाही. पण म्हणूनच माशाच्या बाबतीत प्रश्न अधिक स्वच्छ दिसतो. पुरेसं म्हणजे किती, हे ठरवायचं कुणी?

*

माझ्या कामात या प्रश्नाचं एक तयार उत्तर आहे. सर्व्हर किती लागतील हे आम्ही सरासरीवरून ठरवत नाही. सरासरी वापर बघून यंत्रणा उभी केली तर वर्षातले तीनशे साठ दिवस ती उत्तम चालते आणि सेलच्या दिवशी कोसळते. म्हणून आम्ही शंभरातल्या सर्वांत मंद एका ग्राहकाला किती वेळ लागतो ते बघतो. त्याला तीन सेकंदांऐवजी सहा लागले की रात्री दोन वाजता कुणाचा तरी फोन वाजतो. माझाही वाजलेला आहे. मी अंथरुणातून उठून लॅपटॉप उघडलेला आहे, त्याच हॉलमध्ये, ज्यात चार फुटांवर मी स्वतः बंद केलेला फिल्टर होता.

हुशारी कमी पडली नव्हती. कुठल्या रात्रीसाठी यंत्रणा बांधायची हे मला पाठ होतं. फरक एवढाच की तिथे ग्राहक निघून जाऊ शकतो, तक्रार करू शकतो, करारात दंड लिहिलेला असतो. इथे ज्याला कमी पडत होतं त्याला सांगता येत नव्हतं, आणि जो ठरवत होता त्याला काही कमी पडत नव्हतं. मी डोळ्यांनी ठरवत होतो, तो कल्ल्यांनी भोगत होता. 'चालून जातं' हे वाक्य नेहमी अशाच जागेवरून बोललं जातं. ते म्हणणाऱ्याचं बहुधा खरोखरच चालून जात असतं.

म्हणून माझी व्याख्या आता अशी आहे: ज्याला तिथून निघून जाता येत नाही, त्याच्या सर्वांत वाईट रात्री जे टिकतं, ते पुरेसं.

यावर एक सरळ आक्षेप आहे आणि तो मी स्वतःला बरेचदा घेतो. असं म्हटलं तर काहीच कधी पुरेसं होणार नाही. वाईटाहून वाईट रात्र नेहमी कल्पता येते: वीज आठ तास गेली, पंप जळला, मी अपघातात गेलो. प्रत्येक रात्रीसाठी तयारी करायची तर तीन फुटी टाकीसाठी जनरेटर घ्यावा लागेल. आणि पैसा कुणाकडे अमर्याद आहे? पप्पांच्या कंपनीचा मालकही हेच म्हणाला असता.

मला वाटतं, या आक्षेपाचं उत्तर फिल्टरमध्ये नाही. गुणोत्तराला दोन बाजू असतात आणि आपण नेहमी एकाच बाजूशी खेळतो. फिल्टर परवडत नसेल तर मासा आणू नये. सांडपाण्याची सोय नसेल तितका माल बनवू नये. पाणी नसेल तिथे बाराव्या मजल्याला परवानगी देऊ नये. हे लिहिताना मला त्याचा भाबडेपणा कळतो, कारण मी स्वतः अशाच एका इमारतीत सातव्या मजल्यावर राहतो. पण 'परवडत नाही' हे वाक्य आपण मासा घरी आणल्यानंतर उच्चारतो, आणि तोवर ते माशाने भरायचं बिल झालेलं असतं. आणायच्या आधी तेच वाक्य प्रामाणिक असतं.

*

मग मी काय केलं? दुसरी, चार फुटी टाकी घेतली. तिच्याखाली आणखी एक टाकी बसवली, जिच्यात वरचं पाणी उतरतं, स्पंजांतून आणि सिरॅमिकच्या कड्यांतून जातं आणि पंपाने परत वर चढतं. हिला सम्प म्हणतात. पंप बंद झाला तर निदान चार-पाच तास हवा देईल असा बॅटरीवरचा एअर पंप लावला. एकूण खर्च माशांच्या किमतीच्या पन्नासपट झाला असेल. पलंग आतल्या खोलीत नेला.

सकरसाठी मात्र जागा नव्हती. दुकानदाराला परत घ्यायला सांगितलं तर तो म्हणाला, "एवढा मोठा कोण घेणार? आळंदीला सोडून द्या. पुण्य लागेल." मी एक संध्याकाळ त्यावर विचारही केला. आळंदी माझ्या घरापासून अर्ध्या तासावर. माशाला नदी मिळेल, मला टाकी. पण कुठली नदी? वारीच्या दिवसांत आळंदीच्या घाटावर पांढऱ्या फेसाचे ढीग तरंगत असतात आणि वारकरी तो हाताने बाजूला सारून डुबकी मारतात, ते फोटो आपण सगळ्यांनी पाहिलेत. फेस निदान दिसतो म्हणून त्याची बातमी होते. साबणाखाली जे विरघळलेलं असतं त्याचा फोटो निघत नाही.

आणि सकर त्या पाण्यातही जगतो, हीच पंचाईत. त्याला हवेतूनही थोडा श्वास घेता येतो. कुणाकुणाच्या टाकीतून सुटलेले सकर आज भीमेत उजनीपर्यंत मच्छीमारांच्या जाळ्यात येतात. त्यांच्या काट्यांनी जाळी फाटतात आणि बाजारात त्यांना कुणी विचारत नाही. इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते आणि भीमा उजनीत जाते. माझा सफाईवाला तिथे कुणाच्या तरी ताटातला घास खायला गेला असता. या नद्यांचा स्वतःचा मासा महसीर. दख्खनच्या महसीराचं पहिलं शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्सने १८३९ साली पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून केलं. देहूच्या डोहातल्या माशांना लोक देवाचे मासे मानत आले. महसीराला वाहतं, प्राणवायूने भरलेलं पाणी लागतं. माझ्या चुकीला पुण्याचं नाव देऊन ती त्याच्या घरात सोडायची? शेवटी मोठं तळं असलेल्या एका ओळखीच्या माणसाला सकर दिला, तळ्याचं पाणी कुठल्याही ओढ्याला जात नाही याची खात्री करून. ते तरी शंभर टक्के बरोबर होतं का, हे मला अजून सांगता येत नाही.

कारण कितीही मोठा फिल्टर घेतला तरी घाण नाहीशी होत नाही. अमोनियाचं नायट्रेट होतं आणि नायट्रेट पाण्यात राहतं. ते काढायचा साधा मार्ग एकच: पाणी बदलणं. म्हणजे जुनं कुठेतरी टाकणं आणि नवं कुठूनतरी आणणं. आमच्याकडे येणारं बरंचसं पाणी पवनेचं. धरणातून सोडलेलं नदीने वाहत येतं आणि रावेतच्या बंधाऱ्यातून उचललं जातं. ते धरणातूनच बंद नळाने आणायची योजना झाली तेव्हा मावळातले शेतकरी रस्त्यावर उतरले. ९ ऑगस्ट २०११ला बऊरजवळ एक्स्प्रेसवेवर पोलिसांनी गोळीबार केला आणि तीन जण गेले. मी तेव्हा शाळेत होतो. दर आठवड्याला बादल्या भरताना मला ते आठवतं असं म्हणणं ढोंग होईल. कधीकधी आठवतं. तेव्हा काढलेलं पाणी मी शक्य तितकं गॅलरीतल्या कुंड्यांना आणि सोसायटीच्या झाडांना घालतो. नायट्रेट म्हणजे झाडांसाठी खतच.

घरच्या टाकीची एक सोय आहे: बटणावर हात एकाच माणसाचा असतो. त्यामुळे अपराधाला पत्ता मिळतो. पप्पांच्या प्लांटवर हात त्यांचा होता, सूचना दुसऱ्याची, बिल तिसऱ्याचं, आणि नदीतला मासा कुणाचाच नव्हता. मी बरेच दिवस त्यांना मनातल्या मनात विचारत होतो, तुम्ही नाही का म्हणाला नाहीत? आता विचारत नाही. उत्तर मिळालं म्हणून नाही. ज्या रात्री नाही म्हणायला नोकरीही जाणार नव्हती, फक्त झोप जाणार होती, त्या रात्री मीही नाही म्हटलं नव्हतं. याने त्यांची चूक लहान होत नाही. मला ती लांबून बघता येत नाही, एवढंच.

पप्पा आता रिटायर झालेत. महिन्यातल्या पहिल्या रविवारी येतात आणि आम्ही फिल्टर मोजतो. ते बादली धरतात, मी स्टॉपवॉच लावतो. ही पद्धत त्यांनीच लावली. त्यांच्या खिशातल्या छोट्या वहीत प्रत्येक महिन्याचा आकडा तारखेसकट आहे. मागच्या वेळी बादली भरायला गेल्या महिन्यापेक्षा पाच सेकंद जास्त लागले.

"जेवल्यावर धुऊ," मी म्हणालो. "आजचा दिवस चालून..."

पप्पांनी तोवर शर्टाच्या बाह्या वर केल्या होत्या. टाकीतलंच पाणी बादलीत काढून त्यांनी एकेक स्पंज त्यात पिळला, हलक्या हाताने, जिवाणू उरतील इतपत. पाणी चहासारखं तपकिरी झालं. अर्धं मी कुंड्यांना घातलं. कुंड्या भरल्या. उरलेली बादली घेऊन मी बाथरूममध्ये गेलो आणि मोरीच्या जाळीवर ओतली. इथून ते महापालिकेच्या केंद्राकडे जाणार, तिथे कुणीतरी ब्लोअर चालू ठेवला असेल तर शुद्ध होणार, आणि मग इंद्रायणीकडे.

पप्पा दारात उभे होते. पाणी पूर्ण उतरेपर्यंत आम्ही दोघं जाळीकडे बघत राहिलो.